बाप्तिस्म्यानंतरची पाने

कर्जत येथे आमच्या काही स्नेह्यांचे एक लहानसे वाचनमंडळ आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमावयाचे, अगोदर ठरविलेल्या पुस्तकातील काही भाग मोठ्याने वाचावयाचा, आणि चहा होईपर्यंत त्यावर वाद घालावयाचा, एवढाच त्याचा कार्यक्रम. चारपाच सभासद खोपोली-खालापुराकडून येतात. पावसाळ्यात त्यांची जाण्यायेण्याची तारांबळ उडते, म्हणून आषाढातील बैठक बहुधा रोडावलेली असते. यंदा मात्र ती चांगली भरली, कारण पुस्तक होते लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. सोवळ्याच्या वेडाने सारे घर वेठीस धरणारे लक्ष्मीबाईंचे वडील, न सांगता घरातून नाहीसे होणारे व तसेच न सांगता परत उगवणारे टिळक, आणि या दोघांच्या तावडीत सापडूनही ज्यांची जीभ कधी बोथट झाली नाही अशा स्वतः लक्ष्मीबाई, या सर्वांनी मंडळींस दोन तास हसविले.

मंडळींत एक ख्रिस्ती गृहस्थ आहेत. त्यांचे आजोबा नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले. घराण्याच्या तीन पिढ्या इंजिनाच्या धुरात व पुढे विजेच्या तारांखाली गेल्या, आणि हे स्वतः, घाट चढताना गाडीच्या मागे जी जादा इंजिने लावतात, त्यांवर चालक म्हणून काम करून निवृत्त झाले. बोलणे फार थोडे. त्या दिवशी चहाचे कप रिकामे झाल्यावर ते आम्हांस म्हणाले, “सर, हसलो मीही. पण ही बाई टिकली कशी, ते कोणी विचारलेच नाही.” आम्ही ख्रिस्ती साहित्यातील दोनतीन नावे सांगितली. त्यांवर ते म्हणाले, “ती पुस्तके आमच्या घरी आहेत. सगळ्यांच्या शेवटी विजय होतो. माझा शेवट अजून आलेला नाही.”

हे उद्गार आम्ही घरी घेऊन आलो. त्यांच्यामागे काय काय होते याचा थोडासा अंदाज आम्हांस आहे. मुले दूर देशी, पत्नी दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेली, रविवारच्या उपासनेस गाडीने कल्याण गाठावे लागते, आणि पावसात गाड्या बंद पडल्या की तेही राहून जाते. अशा माणसास कोणते पुस्तक हाती द्यावे, या साध्या प्रश्नापासून आम्ही सुरुवात केली. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाही. परंतु पुढे जे लिहिले आहे ते धर्माविषयी नसून वाङ्मयाविषयी आहे, आणि वाङ्मयात परक्याच्या घरात डोकावण्याची मुभा असते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. श्रद्धेत मनुष्य खचतो ही गोष्ट मराठी वाचकास मुळीच नवी नाही. तुकोबांचे दिवाळे निघाले, दुष्काळात त्यांची पत्नी अन्नावाचून गेली, आणि त्यानंतर त्यांनी विठ्ठलाशी जे भांडण मांडले ते साडेतीनशे वर्षे आपण टाळमृदंगाच्या साथीने गात आलो आहोत. देवावर रुसणे, त्यास निष्ठुर म्हणणे, तू आहेस तरी की नाहीस असे विचारणे, हे सर्व आपण भक्तीच्याच जमेस धरतो. तुकोबा रुसले म्हणून त्यांची भक्ती खोटी होती, असे म्हणण्याचे धाष्टर्य कोणी केलेले नाही. परंतु तोच रुसवा एखाद्या ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसाच्या तोंडी आला की आपण काय करतो? ‘पाहा, शेवटी पश्चात्ताप झालाच,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. त्याच्या नैराश्याची नोंद आपण त्याच्या भक्तीच्या खात्यावर न करता त्याच्या धर्मांतराच्या खात्यावर करतो. यामुळे गेल्या शतकातील मराठी ख्रिस्ती लेखकापुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. ज्या समाजातून तो बाहेर पडला तो त्याच्या प्रत्येक उसाशावर कान ठेवून बसलेला, आणि ज्या समाजात तो आला तो त्याच्याकडून साक्षीची अपेक्षा करणारा. खचण्याचा जो हक्क तुकोबांस जन्मतः होता, तो त्यास कोठूनच मिळेना. आमच्या मते मराठी ख्रिस्ती आत्मनिवेदनाचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी हा हक्क कोणी, केव्हा व कसा मिळविला त्याचा इतिहास होय.

बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मराठीतील ही पहिल्या काही आत्मचरित्रांपैकी एक कृती. ‘यमुनापर्यटन’ लिहून १८५७ सालीच मराठी कादंबरीचा पाया घालणारा हा लेखक गद्यात कच्चा नव्हता. त्याची भाषा सरळ आहे, निरीक्षण बारीक आहे, आणि घरातील व शाळेतील वातावरण तो असे उभे करतो की त्या काळच्या सामाजिक इतिहासकारास तेथून उठवत नाही. परंतु ग्रंथाचे नावच त्याची मर्यादा सांगते. सारा भर पहाट होण्यावर आहे. शंका आल्या, वाचन झाले, वादविवाद झाले, आप्तांचा विरोध झाला, आणि १८५४ साली बेळगाव येथे बाप्तिस्मा झाला. पहाटेनंतर दिवस चढतो, ऊन लागते, तिसऱ्या प्रहरी माणूस थकून झाडाखाली बसतो, हे सर्व लेखकाने भोगलेले असणार. त्यापुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ तो जगला, व लिहीत राहिला. पण त्याच्या लेखी कथेचा प्राण निर्णयात आहे, निर्णय निभावण्यात नाही. आमच्या स्नेह्यांस हे पुस्तक देऊन काय उपयोग? त्यांच्या घराण्यात निर्णय आजोबांनी केला. निभावणे यांच्या वाट्यास आले.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि ती उरकून टाकता येणार नाही. दुःखाची गणना करावयाची तर एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रीपुरुषांत रमाबाईंच्या शेजारी बसण्यास फार थोडे पात्र ठरतील. १८७४ च्या सुमारास तीर्थाटनातील उपासमारीने आईवडील व वडील बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला. विवाहास दोन वर्षे पुरी होण्याच्या आत, १८८२ साली, पती गेले. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. पुढे १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले, व दुसऱ्याच वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ साली मुलींवर ख्रिस्ती धर्माचा संस्कार होतो या आरोपावरून जे वादळ उठले, त्यात न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पालकांनी मुली काढून नेल्या. शाळा चालविणाऱ्या बाईस याहून मोठा आघात कोणता असू शकेल?

या सर्वांचे निवेदन त्यांनी पुढे, १९०७ साली, आपल्या साक्षीत केले. त्यातील एक कबुली आम्हांस फार मोलाची वाटते. बाप्तिस्मा घेतल्यावर कित्येक वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त अद्याप सापडलेला नाही. बाप्तिस्मा म्हणजे मुक्कामास पोहोचणे नव्हे, हे मराठी ख्रिस्ती व्यक्तीने इतक्या स्पष्टपणे सांगितल्याचे त्यापूर्वीचे उदाहरण आमच्या वाचनात नाही. म्हणजे हक्क मिळाला काय? अर्धाच मिळाला. कारण साक्ष या वाङ्मयप्रकाराचे व्याकरणच असे आहे की त्यातील संकटाची क्रियापदे सर्व भूतकाळी असतात. मी अंधारात होते, मला प्रकाश मिळाला. मी खचले होते, मला उचलण्यात आले. लिहिणारी व्यक्ती शिखरावर उभी राहून मागची वाट दाखवीत असते. घाट खंडाळ्यावरून पाहणारास तो अतिशय रमणीय दिसतो. आम्ही कर्जतचे लोक त्याकडे खालून पाहतो.

रमाबाईंचे टिकणे खऱ्या अर्थाने पाहावयाचे असेल तर साक्ष बाजूस ठेवून त्यांच्या बायबलाच्या भाषांतराकडे वळावे, असे आम्ही सुचवू. हिब्रू व ग्रीक भाषा प्रौढ वयात शिकून, केडगावच्या शेकडो मुलींच्या अन्नवस्त्राची काळजी वाहात, ऐकू येईनासे झालेले असताना, त्यांनी संबंध बायबल साध्या मराठीत आणले. १९२१ साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. १९२२ च्या एप्रिलात त्या स्वतः वारल्या, तेव्हा ते त्यांच्या हातून पुरे झालेले होते. त्या कामात कोठेही ‘मी’ नाही, आणि म्हणूनच कदाचित ती त्यांची अधिक खरी साक्ष असेल. भाषांतर म्हणून त्यातील मराठी ठिकठिकाणी अवघड व मूळास चिकटलेली आहे, हेही येथेच सांगून टाकले पाहिजे.

आता ‘स्मृतिचित्रे’. हा ग्रंथ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाला. १९३६ साली, २४ फेब्रुवारी रोजी, लक्ष्मीबाई वारल्या. ग्रंथाची थोरवी सांगण्याची आज गरज नाही. गरज आहे ती तो पुरा वाचण्याची. शाळेच्या पुस्तकांतून या ग्रंथाचे जे उतारे आमच्या पिढीने वाचले ते आम्ही आठवून पाहिले, तर ते बहुतेक जलालपूरच्या घरातले, म्हणजे बालपणाचे निघाले. आमच्या हिंदू मध्यमवर्गाने या पुस्तकातून एक फटकळ, हजरजबाबी, लोभस सून उचलली, आणि ती ख्रिस्ती झाली ही तिच्या नवऱ्याच्या लहरींपैकी एक मानून पुस्तक मिटले. उलट ख्रिस्ती वाचकांपैकी पुष्कळांनी त्यातून साक्ष उचलली, आणि हसू जरा बाजूस ठेवले. परभाषांतील वाटचालीतही ही फाळणी दिसते. जोसेफिन इंक्स्टर यांचे संक्षिप्त इंग्रजी भाषांतर १९५० साली निघाले, त्यास ‘आय फॉलो आफ्टर’ असे नाव दिले गेले. हे शब्द पौलाने फिलिप्पै येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रातील आहेत. आपण अद्याप मुक्कामास पोहोचलो नाही, परंतु पाठलाग सोडलेला नाही, असा त्या जागी पौलाचा भाव आहे. पुढे २०१७ साली शांता गोखले यांनी संपूर्ण ग्रंथ इंग्रजीत आणला, तेव्हा मूळ मराठी नाव राखून खाली ‘एका तेजस्वी पत्नीच्या आठवणी’ अशा अर्थाचे उपशीर्षक घातले. एका भाषांतराने भाविकेस पुढे केले, दुसऱ्याने पत्नीस. दोन्ही नावे समर्पक आहेत. तरीही ती दोन वेगळ्या पुस्तकांची वाटावीत ही खेदाची गोष्ट आहे, कारण आमच्या मते भाविका टिकली ती त्या तेजस्वी पत्नीच्याच बळावर.

ते कसे ते पाहू. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या, पदरी दत्तू लहान. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही अशा घरातील ही मुलगी. तिचा नवरा एका दिवसात अस्पृश्याहून दूरचा झाला. ती सधवा खरी, पण नवरा नाही; विधवा म्हणावे तर कुंकू आहे. पुढील सुमारे पाच वर्षांचा जो काळ त्यांनी आप्तांच्या आश्रयाने, काही दिवस पंढरपुरासही काढला, त्याचे वर्णन करताना लेखिकेने काय केले आहे हे समीक्षकाने नीट पाहण्यासारखे आहे. ती शोक सांगते, जीव नकोसा झाल्याचे सांगते, दुखण्याने अंथरूण धरल्याचे सांगते. आणि लगेच शेजारच्या बाईने केलेला एखादा अजागळ उपचार सांगून आपणांस हसविते. पुढे आपण ख्रिस्ती झालो, तेव्हा हे दुःख म्हणजे एका अज्ञानाचे दुःख होते, असे ती एकदाही म्हणत नाही. साक्ष लिहिणाऱ्या कोणाही लेखकाने ते वाक्य घातले असते. लक्ष्मीबाई त्या वेळच्या लक्ष्मीबाईंस त्यांचे दुःख पुरेपूर भोगू देतात. नंतर मिळालेल्या प्रकाशाचा कवडसाही त्या मागच्या खोलीत पडू देत नाहीत.

आणि मग त्या टिळकांकडे नगरास परत जातात, ते मन वळले म्हणून नव्हे. सोवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी, सर्व काही बरोबर नेतात. टिळकही आग्रह करीत नाहीत. त्यानंतर एके दिवशी त्यांच्या मनात असा विचार येतो की जातीचे हे कप्पे देवाने नव्हे, माणसाने केलेले आहेत. आणि तो आल्यावर त्या कोणाच्याही हातचे खाण्यास सिद्ध होतात. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा होतो. पदमनजींच्या ग्रंथाचा जो कळस, तो येथे वाटेवरचा एक दगड आहे; कथा तशीच पुढे चालू लागते. मराठी आत्मचरित्रवाङ्मयात बाप्तिस्म्यानंतरची पाने बाप्तिस्म्यापूर्वीच्या पानांइतक्याच तोलाने लिहिली गेली, ती प्रथम या ग्रंथात.

ही पाने कशाने भरलेली आहेत? मुख्यतः पैशाच्या चणचणीने. टिळकांचा हात सढळ. पगार आला तसा गेला, घरातील भांडेही कोणा गरजूच्या हाती गेले, आणि रिकाम्या झालेल्या घरात एखादे पोरके मूल मात्र आले. त्या मुलास न्हाऊ घालावयाचे, दुखणे काढावयाचे, जेवू घालावयाचे, ते लक्ष्मीबाईंनी. दानाचे पुण्य एकाचे व पिठाचा डबा दुसऱ्याचा, ही गोष्ट आपल्या अनेक घरांत घडलेली असते. परंतु ती अशा निर्वैर रागाने सांगितलेली आम्ही अन्यत्र वाचली नाही. प्लेगच्या साथीत नगरच्या बाजूस त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली, त्या प्रकरणात भीतीही आहे व ओकारीही आहे. सेवेच्या कामात गोडी वाटली, असे लिहून त्या मोकळ्या होत नाहीत. ज्यास आपण धार्मिक धैर्य म्हणतो ते या पानांत केवळ एवढ्याच रूपाने दिसते की दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पुन्हा कामास लागलेल्या असतात.

येथे रमाबाई रानड्यांच्या १९१० सालच्या आठवणींशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. त्या ग्रंथात पत्नी पतीच्या तेजाने उजळलेली आहे, व तो उजेड तिला पुरेसा आहे. लक्ष्मीबाई पतीवर निष्ठा ठेवतात, परंतु त्याच्याशी वाद घालावयाचे सोडीत नाहीत. रागावतात, अबोला धरतात, त्याच्या फसगती मीठमसाला लावून सांगतात. आणि आमचे म्हणणे असे की देवाशीही त्यांचे नाते हेच आहे. तुकोबांचा हक्क त्यांनी परत मिळविला, तो अभंगाच्या द्वारे नव्हे, संसाराच्या द्वारे. ज्या बाईस नवऱ्यावर रुसूनही त्याच्याजवळ राहता येते, तिला देवावर रुसूनही त्याच्याजवळ राहता येते. विनोद ही त्यांच्या श्रद्धेवरील नक्षी नव्हे. तीच तिची तुळई होय.

१९१७ साली टिळकांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्नच्या पुढे. मिळकत काही नाही. साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारून हिंदी पद्धतीने ख्रिस्तभक्ती करावयाची हा संकल्प. म्हणजे दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयाने लक्ष्मीबाईंचे घर दुसऱ्यांदा मुळापासून हलले, आणि या वेळी परत जाण्यास माहेरही उरले नव्हते. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईस वारले. दरबार पोरका, घर पोरके. यापुढचा भाग, जो कराचीपर्यंत जातो, सामान्य वाचक चाळून सोडतो, कारण टिळक गेल्यावर कथेतील चलनवलन थांबल्यासारखे वाटते. वाङ्मयाच्या दृष्टीने तक्रार अगदी खोटी नाही. शेवटच्या भागाची वीण सैल आहे, आणि लेखिकेच्या हाती तो पुरा होऊ शकला नाही याच्या खुणा त्यावर आहेत. परंतु आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाची जागा नेमकी येथे आहे. पुढचे इंजिन गेले. मागचे आता काय करणार?

आणि या ठिकाणी ‘स्मृतिचित्रे’ आपणांस निराश करते हे कबूल केले पाहिजे. लक्ष्मीबाई आपल्या प्रार्थनेविषयी जवळजवळ काही सांगत नाहीत. ख्रिस्ताच्या ठायी त्यांस काय दिसले, कोणत्या शब्दांनी त्यांचे सांत्वन झाले, एकांतात त्या कशाला धरून राहिल्या, याबाबत हा बोलका ग्रंथ मुका आहे. कोणी म्हणतील, हा संयम. थोडासा संयम, थोडासा संकोच, असे आम्ही म्हणू. ज्या घरात देवघराचे दार लावून घेण्याची चाल होती त्या घरातील ही मुलगी होती. कारण काहीही असो, ज्यास पुस्तकातून आधार हवा आहे त्याची येथे उपेक्षा होते, व हा ग्रंथाचा दोष मानण्यास आम्ही कचरत नाही.

ती उणीव त्यांनी दुसरीकडे भरून काढली आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर ओवीबद्ध काव्य आरंभिले होते. त्यांच्या हातून दहा-अकरा अध्याय झाले. ज्या बाईंस लिहितावाचता येऊ लागले तेच मुळी लग्नानंतर, पुष्कळ यातायातीने, त्यांनी हे अर्धे टाकलेले काम पुढे उचलले, आणि साठांहून अधिक अध्याय रचले. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ची योग्यता ‘स्मृतिचित्रां’च्या जवळपासही नाही. ओवी सुबोध आहे, परंतु पुष्कळ वेळा कथेचे ओझे वाहताना ती धापा टाकते. गद्यात पदोपदी चमकणारी लेखिकेची दृष्टी येथे विषयाच्या आदराने खाली झुकलेली असते. तरीही ‘स्मृतिचित्रां’तील मौनाचा अर्थ लावावयाचा असेल तर हे शेकडो पृष्ठांचे काव्य समोर ठेवूनच लावला पाहिजे. विधवा झालेली, साठीकडे झुकलेली एक बाई, नवऱ्याच्या वहीतील शेवटच्या ओळीखाली आपली पहिली ओळ लिहिते, व वर्षानुवर्षे लिहीत राहते. ती काय धरून राहिली होती, हे तिने सांगितले नाही. ते ती रोज लिहीत होती. रमाबाईंचे भाषांतर व लक्ष्मीबाईंचे हे काव्य यांत एक बहिणीबहिणीचे नाते आम्हांस दिसते. दोघींनीही आपल्या बिकट दिवसांस जे उत्तर दिले ते लांबलचक, एकसुरी, रोज थोडे थोडे पुढे सरणाऱ्या लेखनकामाच्या रूपाने दिले. टीकाकारांस अशा कामांत रस नसतो, आणि तो नसावा हे स्वाभाविक आहे. पण वारी करणारास विचारावे, बाराव्या कोसावर रस असतो काय म्हणून.

हे सर्व आम्ही गेल्या बैठकीत त्या गृहस्थांस, अर्थात पुष्कळ थोडक्यात, सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मधल्या काळात त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढले होते, आणि प्लेगच्या प्रकरणात खूण म्हणून प्रवासाचा एक जुना पास घालून ठेवला होता. म्हणाले, “सर, आम्ही कर्जतला गाडीच्या मागे लागतो. लोणावळ्याला सुटतो, नि खाली परत येतो. पुण्याला गाडी जाते, आम्ही नाही. पुढल्या डब्यातल्या माणसाला मागून कोण ढकलते ते कळतही नाही. टिळकांना ते कळले असेल का?” आम्ही म्हटले, कधीकधी कळत असावे, पुस्तकात तशा जागा आहेत. “मग ठीक,” ते म्हणाले, आणि ‘ख्रिस्तायन’ कोठे मिळेल याची चौकशी करू लागले. मंडळींपैकी एकदोघांनी ओवीबद्ध पुस्तकास हरकत घेतली, विशेषतः खोपोलीकरांनी, कारण इतक्या दूर येऊन एवढे लांब काव्य ऐकावयाचे म्हणजे शेवटची गाडी चुकण्याची भीती. शेवटी टिळकांचा एक अध्याय व लक्ष्मीबाईंचे दोन वाचावेत असे ठरले. पुस्तकाची एकच प्रत हाती आली आहे, तीही मुंबईच्या एका ग्रंथालयातून, पंधरा दिवसांच्या मुदतीने.